एकतीस नंबर गैरहजर

(फोटो स्टुडिओ. धाकटा दीर संगणकापुढे, वहिनी पाठीशी उभ्या.)

वहिनी: झालं? इतक्यात?

दीर: चहा गार व्हायच्या आत! हाताने लावत बसलो असतो तर आज जेवणाला सुट्टी होती. संगणकाला स्क्रिप्ट लिहून दिली, बस. पहिले तीन फोटो एका फोल्डरमध्ये, पुढचे तीन पुढच्या. हजेरीच्या क्रमाने चाळीस पोरं आपापल्या घरी.

वहिनी: तपासलंत?

दीर: पहिला फोल्डर उघडला, शेवटचा उघडला. दोन्ही बरोबर. मधे काय बिघडणार?

वहिनी: भावजी, वर्गाच्या बाई येतीलच आता. आधीच्या फोटोवाल्याने पोरांची अदलाबदल केली, म्हणून हे काम मला मिळालंय. माझ्या हातूनही तेच झालं, तर शाळेचं दार बंद. एकतीस उघडा.

दीर: एकतीसच का?

वहिनी: तो फोटोच्या दिवशी तापाने घरी होता.

दीर: आलाय की! दोन वेण्या घालून.

वहिनी: अगं बाई! ही तर तीस नंबरची. हसताय काय?

दीर: मग शेवट कसा जुळला? खरं सांगा, कुणाचे जास्त फोटो काढलेत?

वहिनी: मी? छे! दर पोरामागे तीनच... थांबा. बारा नंबरची. पुढचे दात पडलेत, तोंडच उघडेना. शेवटी मी लेन्सचं झाकण नाकावर धरून नाचले.

दीर: आणि नाचता नाचता?

वहिनी: आणखी तीन काढले.

दीर: वा! तिचे तीन जास्त, त्याचे तीन कमी. दोन्ही टोकं चोख, आणि मधली सगळी पोरं शेजाऱ्यांकडे!

वहिनी: जास्तीचे पुसून टाकू?

दीर: कशाला? बाराला सहा, एकतीसला एकही नाही, एवढंच स्क्रिप्टला सांगतो... हं. या वेळी सगळे उघडून बघा, तुमच्या डोळ्यांनी.

वहिनी: तेरा, बरोबर. चौदा, हा भुवया उडवणारा, बरोबर... तीस! आल्या वेण्या घरी. भावजी, सुटले हो मी!

दीर: बाराचा कुठला छापायचा? तोंड मिटलेला कसा ऐटबाज आलाय.

वहिनी: शेवटचा. दातांतल्या खिडकीसकट.

दीर: बाई जिना चढतायत. हा एकतीसचा रिकामा फोल्डर उडवू ना?

वहिनी: राहू द्या. ताप उतरला की येईल तो.