चाक एकाकडे, थ्रॉटल दुसऱ्याकडे

—नाही हो साहेब, तिथे टोकाला जाऊन काही दिसायचं नाही. दुर्बीण लावलीत तरी नाही. लाटा अडवायच्या त्या भिंतीपलीकडे बोट गेली की डोळ्यांचं काम संपलं, मग कान लावून बसायचं. या, या खोक्यावर बसा — रंग वाळलाय, पँटला काही होत नाही. आणि अजून फुगून काय बसलात? तुम्हाला नेलं नाही म्हणून? अहो, पहिल्या फेरीला गिऱ्हाइकाला बसवायचं नाही, हा आमच्या सासऱ्यांपासूनचा शिरस्ता. तुमच्या जागी वाळूची पोती बांधलीत, तुमच्याच वजनाची. म्हणजे तुम्ही गेल्यासारखंच आहे — फक्त पोत्यांना ओकारी येत नाही, एवढाच फरक.

हा — हा आवाज ऐकलात? किंचाळल्यासारखा? तेव्हा बोट हवेत होती. लाटेवरून उडाली, पंखा पाण्याबाहेर आला, इंजिनाला ओढायला काही उरलंच नाही, की ते असं बोंबलतं. उडाली की थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, मागे घ्यायचा, टेकताना परत द्यायचा, पापणी लवायच्या आत — नाहीतर गिअरचा भुगा. म्हणून तर दोन माणसं लागतात, चाक एकाकडे, थ्रॉटल दुसऱ्याकडे. आणि चाकवाल्याच्या मनात वळायचं आलं की थ्रॉटलवाल्याला ते कळलं पाहिजे. सांगून? सांगायला वेळ कुठला हो! न सांगताच कळायला हवं. चाकावर आमचे हे आहेत. आणि थ्रॉटलवर — थ्रॉटलवर या बोटीला फोरमन बसायचा ठरला होता. आज नाहीये. आज त्याचं पोट दुखतंय. आज भाऊजी बसलेत. हो, धाकटे, मघाशी कुणाकडे न बघता हेल्मेट चढवलं ते. सख्खे भाऊ, हो. — चांगलं? कसलं चांगलं डोंबलाचं! दोघांत विस्तव जात नाही.

आता सांगायला नको होतं खरं. पण जीभ चालली की माझा जीव जरा थाऱ्यावर राहतो, म्हणून बोलतेय. मागच्या बोटीची चाचणी चालली होती — हेच दोघे, असेच बसलेले. शेवटच्या बोयाला, त्या तरंगत्या खुणेच्या पिंपाला, वळताना कलंडली. भाऊजी बाहेर फेकले गेले, खांद्याचं हाड मोडलं. हे म्हणाले, त्याने थ्रॉटल सोडला नाही. ते म्हणाले, हा वेळेआधी वळला. कोण खरं? मला विचारू नका, मी इथेच उभी होते, भिंतीच्या अलीकडे. हे दवाखान्यात भाऊजींना बघायला म्हणून गेले आणि भांडून आले. तेव्हापासून अबोला. तुमची ही बोट मुक्यानेच बांधलीय, साहेब! खोटं वाटतं? हे तळावर खडूने लिहायचे, ‘इथे अजून घासायला हवं.’ भाऊजी त्याखाली लिहायचे, ‘गरज नाही.’ एकाच साच्याशी समोरासमोर उभे, हातात एकाच कापडाची दोन टोकं, आणि — ‘वहिनी, त्यांना सांगा, राळ आळायला लागलीय.’ — ‘अगं, त्याला सांग, मला डोळे आहेत.’ मी म्हणजे टपालखातं नुसतं! तुम्ही हात फिरवून फिरवून वाखाणलात ना तो लाल रंग, त्याच्याखाली सगळं भांडण आहे.

थांबा. — नाही, काही नाही. सुरू आहे.

हा वायरलेस? हा मी धरते. तिकडचं बटण चाकाशी, ह्यांच्या बोटाखाली. एकदा दाबलं की सोडायचं भान नाही ह्यांना — मागे एकदा माझ्या स्वयंपाकाला ठेवलेली नावं अख्ख्या धक्क्याने ऐकली. आज मात्र गप्प. दोघंही मिठाची गुळणी धरून गेलेत. हेल्मेटात एकमेकांशी बोलायची सोय आहे, ती भाऊजींनी निघतानाच काढून ठेवली. ही बघा वायर, माझ्याच हातात दिली. — मग जाऊ का दिलं? अहो, मी जाऊ दिलं नाही, मी धाडलं! फोरमनच्या पोटाला काय धाड भरलीय, ठणठणीत आहे तो. मीच त्याला म्हटलं, आज घरी बस आणि पोट दुखतंय म्हण. तुम्ही समोर उभे, समुद्र हवा तसा उसळलेला, म्हटलं, भाऊजी, बसता की साहेबांना परत पाठवू? मान खाली घालून बसले.

उठू नका. ओरडूही नका. बोट तुमची असेल, नवरा माझा आहे तिच्यात. आणि दीर — ते काय मला परके आहेत? माझ्या हातचं जेवून वाढलेत. दुसरीकडे काम धरलंय त्यांनी. ही बोट तुमच्या ताब्यात दिली की जाणार. कारखान्याच्या दाराशी हत्यारांची पेटी बांधून ठेवलीय, येताना तुम्ही अडखळलात ना, तीच. गेले की संपलं, साहेब, हे एकटे नाही बांधू शकत, आणि ते तिकडे बांधतील पण कुढत राहतील. मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, पाण्यावर तरी एकमेकांकडे बघावंच लागेल. आता वाटतंय, काय हे करून बसले मी? हात दाखवून अवलक्षण. दोघांच्याही जॅकेटला लाल दोरी आहे, इंजिनाच्या बटणाला जोडलेली. माणूस बाहेर फेकला गेला की ती दोरी निघते आणि इंजिन आपोआप बंद पडतं. म्हणून म्हणते, आवाज कितीही बोंबलू दे. आवाज आहे तोवर दोघं आत आहेत.

आता शेवटचा बोया. इथे आवाज खाली यायला हवा. — यायला हवा. — येत का नाही? सोडा ना भाऊजी, सोडा थोडा — अहो, तुम्ही वळू नका, आत्ता नाही, त्यांना कळू तर द्या — हा! आला, खाली आला, सोडला त्यांनी, बघा, वळतायत, वळतायत —

बंद झालं.

इंजिन बंद झालं, साहेब. बोला हो. कुणीतरी बोला. मी वहिनी बोलतेय, ऐकू येतंय का? — पाणबुड्या आहे तिथे मदतीची बोट घेऊन, पण — नाही, तुम्ही वायरलेसला हात नका लावू, मला धरा हवं तर — मी धाडलं हो, मीच —

श्श. खरखर येतेय. बटण दाबलंय कुणीतरी.

...‘वेळेआधी वळलास!’ — भाऊजी आहेत. भाऊजींचा आवाज आहे हा! — ‘वेळेआधी नाही, ओढतेय ती डावीकडे! तळ घासायला हवा म्हणून लिहिलं होतं ना मी?’ — हे आहेत. दोघं आहेत. दोघं आत आहेत, साहेब. इंजिन बंद करून भांडतायत मेले, भर समुद्रात! — ‘लिहायचं कशाला? तोंडाने सांगायचं होतंस!’ — ‘तू ऐकलं असतंस?’ — ‘दादा, अक्कल गहाण ठेवलीयस का तू?’ — ‘दादा’ म्हणाले भाऊजी. ऐकलंत तुम्ही? ‘दादा’ म्हणाले! ... ‘आणि फोरमनचं पोट कसलं दुखतंय, वहिनीचंच काम आहे हे.’ — ‘मग! दुसरं कोण करणार?’ — घ्या. आता दोघं मिळून माझ्यावर घसरले.

रडत नाहीये मी. वारा आहे. आणि तुम्ही काय ऐकत उभे राहिलात? हे घरचं आहे. जा तुम्ही. — बोट? बोट आज मिळायची नाही. ओढतेय म्हणाले ना ते? तळ घासावा लागणार, दोघांनी मिळून, आणि कधी होईल ते मी नाही सांगू शकत. कळवू. निघा आता. — आणि हो, साहेब, जाता जाता दाराशी ती पेटी आहे ना, ती जरा आत सरकवून जा.