माग बंद होणार नाहीत

‘आनंदी कसं राहावं’ हा माझा विषय ऐकून तुम्ही हसताय ना, तसाच एमआयडीसीतला तो टॉवेल कारखान्याचा मालकही हसला होता.

“मॅडम, शिकवा की! पण माग एक मिनिटबी बंद व्हणार न्हाईत.”

त्या खडखडाटात माझा आवाज मलाच ऐकू येईना. पण कामगार तिथं रोज खुणांनीच बोलतात. मी फळ्यावर लिहिलं, ‘शेजाऱ्याचा एक चांगला गुण सांगा.’ झालं, हातवारे सुरू! एकेक जण लाजतोय, हसतोय. मग एका मामांनी मालकाकडे बोट करून काहीतरी खुणावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

ऑफिसात बसणाऱ्या मालकाला खुणा कुठल्या कळायला? तो माझ्या कानात ओरडला, “माझं काय सांगितलं?”

मी फक्त खांदे उडवले.

गडी तडक गेला आणि स्वतःच्या हातानं मेन स्विच पाडला.