दोन्ही बटणं एकाच रंगाची

थांबा, मास्तर, माऊसला हात लावू नका — नाही, तुमच्यावर राग नाही, तुम्ही सावकाश शिकवता, माझ्यासारख्या ठोंब्याला सावकाशच लागतं — पण ही मधेच पाटी आली आहे ना, ती तशीच राहू दे. काहीतरी विचारते आहे, विचारू दे. आणि तो फोनही वाजू दे, मघापासून वाजतोय, वाजून वाजून दमेल. मला आधी एवढं सांगा, ही दोन्ही बटणं एकाच रंगाची कोणी केली? जुन्या वर्जनमध्ये ‘हो’ हिरवं होतं, ‘नाही’ तांबडं होतं. मला अक्षर येत नाही, हे पहिल्या दिवशीच सांगितलं तुम्हाला, त्यात लाज कसली — पण रंग येतात. जन्मभर शिंप्याचं काम केलं, काळ्या धाग्यातून गडद निळा बाजूला काढायचो. आणि यांनी काय केलं? दोन्ही राखाडी. का, तर म्हणे दिसायला बरं. कोणाला बरं? ज्याला वाचता येतं त्याला!

परवा एका संध्याकाळी घरी बंद केलं तेव्हा कात्री डाव्या हाताला होती. दुसऱ्या दिवशी उघडतो तर कात्रीच नाही — कात्रीच्या जागी पातं, तेही वर कुठेतरी कोपऱ्यात. दुकानात कोणी शिरावं, माझी मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवावी, आणि वर म्हणावं, काका, सुधारणा केली आहे, अशातली गत. कोणी मागितली होती सुधारणा? मी तर नाही. नाही हो, रागावलो नाही. म्हणजे, रागावलोच आहे, पण तुमच्यावर नाही. या चिंध्या? माझ्या या घरून आणलेल्या कीबोर्डवर चिकटवलेल्या — तांबडी म्हणजे पुसायचं, हिरवी म्हणजे ठेवायचं, ही पिवळी म्हणजे चुकलं तर एक पाऊल मागे. छे, मला कुठलं सुचतंय एवढं. आहे एक जण. होती. चिंध्या माझ्या, डोकं तिचं. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा म्हणाली, व्हिडिओ म्हणजे कापायचं आणि जोडायचंच तर आहे, इथे ओवावं लागत नाही. आता तांबडी दाबली की भलतंच होतं — असू दे. कामाचं बोलू.

गिऱ्हाईकाचं काम आहे, म्हटलं ना मी. बाई काढायची, मूल ठेवायचं. तुम्ही दाखवलंत तसं केलं — बाण फिरवला, बाई हिरवी झाली, बटण दाबलं, बाई गेली. तुम्ही टाळी वाजवलीत. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण आता बघा, पुन्हा लावा जरा, सावकाश. हे पोर पहिल्यांदा पायावर उभं राहिलंय. डगमगत येतंय. दोन्ही हात वर केलेत, हसतंय — आणि इथे, इथे थांबवा. इथे ते पुढे झुकलंय. सगळा भार पुढे टाकलाय. कोणावर? कोणीच नाही! हवेवर टेकलंय पोर, आणि पडत नाही. असं पोर पडतं, मास्तर. तोंडावर आपटतं. तुमच्या या वर्जनला एवढंही कळू नये?

आणि मागचा पडदा. तुम्ही म्हणालात, बघा, मोकळी जागा आपोआप भरली, रफू केल्यासारखी. रफूचं मला सांगू नका. रफूचा धागा त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून काढतात. यानं कुठून काढला? मनानं! तिथे पडदा नव्हताच मुळी, तिच्या मागे माझी मशीन होती, मशीनवर अर्धवट झबलं होतं —

हं. बघितलंत माझ्याकडे. बरं, बघा. माझं घर आहे ते. माझी मशीन, माझी नात, ती बाई म्हणजे माझी सून, या चिंध्या सुचवणारी, आणि गिऱ्हाईक म्हणजे माझा मुलगा. झालं समाधान? रविवारी पाहुणे येणार आहेत, नव्या सोयरिकीचे. टीव्हीवर नातीचे व्हिडिओ लावायचे, आणि त्यात ही कशाला? असं म्हणाला. ‘ही’ म्हणाला, नावसुद्धा घेतलं नाही. ‘बाबा, नव्या वर्जनमध्ये सोय आली आहे, जाऊन शिकून या, तुम्हालाही तेवढाच विरंगुळा.’ विरंगुळा! काटा काढायला म्हाताऱ्याचा हात, आणि वर विरंगुळा!

त्यानं दुसरं लग्न करू नये असं नाही हो माझं. खुशाल करावं. दोन जातींची कापडं एकत्र शिवली की पहिल्या धुण्याला एक आटतं, शिवण ओढली जाते, त्यात दोष कोणाचाच नसतो. उसवा, वेगळी करा. पण उसवलं म्हणजे कापड नव्हतंच, असं होतं का कधी? टाक्यांची भोकं राहतात की नाही? नात आमच्याकडे असते. आई सुट्टीच्या दिवशी येते, फाटकापाशीच भेटते, आत या म्हटलं तरी येत नाही. आणि बाकीचे दिवस पोर जेवताना काय मागते? ‘आजोबा, माझं चालणं लावा.’ हेच. रोज हेच. घास तोंडात, आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणते, आईनं धरलं. उद्या बोट कुठे ठेवेल ती? त्या खोट्या पडद्यावर?

आणि आवाज राहिलाय, ऐकलंत? बाई गेली, आवाज तिथेच. ‘ये, ये गं, बाबांकडे नको बघूस, माझ्याकडे बघ.’ बाबा म्हणजे मी, सून मला बाबाच म्हणायची. मोबाईल धरून मीच तर बसलो होतो समोर. काय म्हणालात? आवाजाचीही सोय आहे. असणारच. सगळ्याची सोय आहे तुमच्याकडे, फक्त शरमेची तेवढी नाही. माफ करा. तुम्हाला नव्हतं बोलायचं.

तर ही पाटी. काय विचारते? वाचा ना. जुनं पुसून त्याजागी हे नवं ठेवू का. आणि हो म्हटलं तर जुनं परत मिळतं? नाही ना. पिवळी चिंधी दाबली तरी नाही. आम्ही कपडा आटवतानासुद्धा आत चार बोटं माया, जास्तीचं कापड, ठेवतो, उद्या सैल करायचा झाला तर. मुलाकडे दुसरी प्रत? कुठली हो, त्यानं त्याच्याकडची कधीच पुसली, ही शेवटची आहे. मग दाखवा, ‘नाही’ कुठलं. बोट ठेवा त्यावर. उजवं? नक्की? पुन्हा एकदा वाचा, तुमचं काही जात नाही. बरं, हात काढा. मीच दाबतो.

गेली पाटी. आता जुनं लावा. — आली. बघा, धरलं तिनं. मशीनही आली, झबलंही आलं.

घरी काय सांगू? सांगेन, मला जमलं नाही. अडाणी म्हातारा, नवं वर्जन, कुठून जमायचं — लगेच पटेल त्याला. जन्मभर हेच तर पटत आलंय सगळ्यांना. सोपं आहे. तुम्हीही तसंच सांगा, विचारलं तर.

पुन्हा वाजतोय. त्याचाच. द्या इकडे. हिरवं दाबायचं ना, हो, इथे अजून हिरवं आहे. — हां, बोल. मास्तरांकडेच आहे. … शिकलो. … हो, सगळं. माणूस काढता येतो, आवाज काढता येतो, मागे पडदा लावता येतो. … रविवारी लावू ना, सगळ्यांपुढे लावू. ती आहे त्यात. … नाही. … अरे, न यायला काय झालं? येतं, चांगलं येतं मला. येतं म्हणूनच सांगतोय — नाही.