शून्य धरायचं गणित

परवा आईनं मला फोनवर पार गप्प केलं बे. परळीत थर्मल वीजकेंद्राची राख रोज अंगणात पडते अन् आई ती रोज झाडते. तो झाडूचा आवाज ऐकायला मी जर्मनीतून मुद्दाम त्याच वेळेला फोन लावतो.

म्हणाली, "शेजारची रुक्मिणमावशी इचारती, तुजं लेकरू तिकडं करतंय काय? काय सांगू?"

म्हटलं, "माझ्या संशोधनात एकात एक गुंतलेली न संपणारी समीकरणं असतात. त्यातलं बरंचसं शून्य धरायचं, मग उरलेलं सुटतं."

आईनं तिथूनच हाक मारली, "रुक्मिणबाई, त्यो हाय ते न्हाईच आसं धरतो, मंग त्याचं गणित सुटतं!"

मावशी हसली. झाडू थांबला.

"बाळा, त्या न्हाई धरलेल्यात परळी बी हाय का रे?"

झाडू पुन्हा सुरू झाला.