दोघंही पिशवीत

...आणि वर मलाच विचारतो, "बाबा, काल दुपारभर तुम्ही लेडीज टेलरकडे काय करत होता?" आता सांगा, बापानं काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "ब्लाउज शिवायला टाकलाय." नाही, तुम्ही हसताय, पण प्रश्न नीट ऐकलात का? मी कुठे असतो हे त्याला कळतं कसं? मुलगा शहराच्या त्या टोकाला, ऑफिसात, आणि मी या टोकाला! तुम्हाला सांगतो, संशय घ्यायचा माझा स्वभाव नाही, पण...

सगळं सुरू झालं या नव्या फोनपासून. पोरानं आम्हा नवराबायकोला एकेक आणून दिला, काचेचा, गुळगुळीत. हातात धरावा तर सटकतो, बोट लावावं तर भलतंच काहीतरी उघडतो, न लावावं तर झोपतो. आणि माझा जुना बटणांचा? तो ड्रॉवरमध्ये. "बाबा, त्याची बॅटरी गेली, टाकून द्या आता." अरे, टाकून काय द्या? जिन्यावरून पडला होता तो, फरशीचा टवका उडाला, त्याला ओरखडा नाही! अंधारात, खिशातल्या खिशात, अंगठ्याला सगळी बटणं पाठ. चार्जर कुठे ठेवलाय ते विसरायला व्हायचं, इतक्या दिवसांनी लागायचा. आणि मुख्य म्हणजे बोलणं झालं, लाल बटण दाबलं, की विषय संपला. या नव्याचा विषय संपतच नाही हो. परवा हिला नुसतं म्हटलं, गुडघा दुखतोय गं. संध्याकाळी फोन उघडतो तर गुडघ्याचं मलम! मी फोनला सांगितलं होतं का? हिला सांगितलं होतं!

मुलगा म्हणतो, "योगायोग हो बाबा. तुमचं कोण ऐकत बसणार?" कोण ऐकणार? मला विचारतो? उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला मी, बोर्डावर बसून लोकांचे फोन जोडून दिले. माझ्या शेजारच्या बाई कुणाचं लग्न जमणार आणि कुणाचं फिसकटणार हे त्या घरच्यांच्या आधी सांगायच्या. तेव्हा निदान बाई दिसायच्या तरी! याच्यात कान कुठे बसवलाय तेसुद्धा दिसत नाही.

बरं, पुढे ऐका. एक दिवस पोरगा म्हणतो, "बाबा, रोज बेकरीत थांबता वाटतं? तुम्हाला शुगर आहे ना?" मी हिच्याकडे पाहिलं. ही टॉवेलांच्या घड्या घालत होती. फारच मन लावून. इतकी वर्षं संसार केलाय, साध्या घड्या कोणत्या आणि काहीतरी लपवतानाच्या कोणत्या, कळतं मला. संशय घ्यायचा माझा स्वभाव नाही, पण घरात फितुरी आहे हे मी तिथल्या तिथे ओळखलं. आणि खरं सांगू? वाईट वाटलं. पोरानं पाळत ठेवली तर ठेवली, त्याला काळजी. पण हिनं?

म्हणून त्या दिवशी ही टेलरबाईंकडे निघाली, तेव्हा माझा नवा फोन हळूच हिच्या कापडी पिशवीत तळाशी सरकवला. म्हटलं, ही फितूर आणि हा फोन हिचा साथीदार; जा बाबा, आज तूच फिर. आणि मी मोकळा! पुलाजवळच्या बाकावर बसलो, बेकरीत गेलो, कुणी विचारणारं नाही. संध्याकाळी पिशवीतून फोन काढून घेतला. आणि मग आला तो मुलाचा प्रश्न. दुपारभर लेडीज टेलरकडे... थांबा. दुपारभर? माप द्यायला दुपारभर लागते? तंबू शिवून घेतेय की काय ही? संशय घ्यायचा माझा स्वभाव नाही, पण...

दुसऱ्या दिवशी परत नवा फोन हिच्या पिशवीत, जुना माझ्या खिशात, आणि मी थेट मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे. डोळ्याला भिंग लावून तो म्हणतो, "या मॉडेलची शेवटची बॅटरी होती हो, आत्ताच या बाईंना दिली." बघतो तर काय, स्टुलावर ही! हातात हिचा जुना फोन. दोघांनी एकदमच घेतले होते ना, सारखेच.

मी म्हटलं, "तू टेलरकडे होतीस ना?"

"पिशवी आहे टेलरकडे. फोन तिच्यात टाकून येते मी रोज."

"का?"

आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही आणि तो मिळून नजर ठेवताय ना माझ्यावर? मी मैत्रिणीकडे बसते ते त्याला तुम्हीच सांगितलंत."

मी! फितूर मी! पण तुम्हाला सांगतो, इतकं बरं वाटलं, की रागवायचंच राहून गेलं. ही माझ्याच बाजूची होती हो.

पण तिकडे काय झालं, पोरानं मला फोन केला, उचलला नाही. आईला केला, उचलला नाही. त्याच्या फोनवरच्या नकाशात म्हणे आमचे फोन दिसतात; बघतो तर आम्ही दोघंही टेलरच्या दुकानात, एका जागी, हालचाल नाही. शेवटी कंटाळून टेलरबाईंनीच उचलला. तोंडात टाचण्या धरूनच बोलतात त्या. म्हणाल्या, "कोण पाहिजे? दोघंही पिशवीत आहेत."

आता त्या पोरानं काय समजायचं? सुटला ऑफिसातून. ही जाताना दुरुस्तीवाल्याचं दुकान सांगून गेली होती, टेलरबाईंनी त्याला तिथे पाठवलं. दारात आला तो घामाघूम, पांढराफटक. आम्ही दोघं एका फोनचं झाकण उघडून बसलेलो. रागावला नाही. "मला वाटलं..." एवढंच म्हणाला आणि खाली बसला. मग मीच म्हटलं, बाबा, तू दिलेले फोन घेऊन फिरू आम्ही, बघ कुठे बघायचं ते.

तरी जुन्या फोनांसाठी दुरुस्तीवाल्याकडून दोन नवी सिमकार्डं घेतलीच, आणि ते नंबर जगात कुणालाही द्यायचे नाहीत असं पक्कं ठरलं. माझा फक्त हिच्याकडे, हिचा फक्त माझ्याकडे. कुणी ऐकणार नाही, कुणी बघणार नाही, मनसोक्त बोलायचं! फक्त बॅटरी एकच आहे... त्यामुळे माझा चालू असला, की हिचा बंद.