कपाळावरचं गोंदण

पनवेलच्या एका इस्पितळात ऑपरेशनला नेण्याआधी गोदूबाईंनी नातीला, मनस्वीला, आपला फोटो काढायला लावला. शेजारच्या बाकावर दुसऱ्या पेशंटसोबत आलेल्या किशोरीताई मासिक वाचत होत्या. म्हणजे पान उलटायचं विसरल्या होत्या.

"ही कोन गोरी? माज्या कपालावरचं गोंदन कुठं गेलं?"

"आजी, हा फोन डाग आपोआप पुसतो."

"डाग? सिस्टरनं मंगलसूत्र काढलं, बांगड्या काढल्या. अंगावर येवढंच राह्यलंय. वर जाताना त्येच संगं येतं."

"असं बोलू नकोस ना. थांब, तो ब्यूटी मोड बंद करते. सुरकुत्यापण दिसतील हं."

"दिसू दे. तू रडू नको, हात हालंल."

"...बघ, आलं गोंदण."

"हां, ही मी. परत नाय आले तं यालाच हार घाला."