मुळं छाटायची वेळ

बसची वाट पाहत बाकावर बसलो होतो. शेजारी एक बाई आणि परस्पर स्टँडवर आलेली तिची नणंद. बाईचा नवरा वर्षभराने बदलीच्या गावाहून परत येत होता.

“वहिनी, दादाचं बोन्साय जगलं ना?”

“जगलं की. चांगलं बाळसं धरलंय.”

“मुळं छाटलीत?”

“कुठली हो, ताई! हे फोनवर रोज बजावायचे, नवे कोंब दिसले की कुंडीतून काढ, मुळं छाट, परत त्याच कुंडीत बसव. काढलं मी. मुळं नुसती गोल गोल फिरलेली बिचारी. कात्री चालवायला हात धजेना.”

“मग?”

“अंगणात लावलं.”

“अगोबाई! बोन्साय जमिनीत?”

“आता खिडकीतून आत डोकावतंय.”

“आणि ती महागडी कुंडी?”

“न्हाणीत. साबण कोरडा राहतो, खाली भोकं आहेत ना.”

“दादा घर डोक्यावर घेईल!”

“म्हणून तर घरी पोचायच्या आधीच सांगणार. गाडीत.”

“गाडी आणलीये? कुणी चालवली? तो तर तुम्हाला किल्लीला हात लावू द्यायचा नाही!”

“मीच. आणि आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी बजावलंय, चालवणाऱ्यावर कुणी ओरडलं, की गाडी बाजूला घ्यायची आणि त्याला उतरवायचं.”